विश्रामचे रान

विश्राम कामाला बसण्याआधी उजवा हात पुढे करी आणि पालथ्या पंजावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवी. कागद किती फडफडतो ते पाहून म्हणे, "आज आकाश रंगवतंय. रेषा उद्या."

तो मूळचा सावंतवाडीकडचा. डिचोलीत खाणीच्या ट्रकांवर मोर आणि कमळे काढता काढता उत्सवी नाटकांचे पडदे रंगवू लागला आणि पेडण्यात आमच्या शेजारी येऊन राहिला. त्याचा राजवाडा बघायला लोक नाटकाआधीच येऊन बसत. पण सकाळी फेणी घेतल्याशिवाय तो ब्रश धरत नसे. "दारू पोटात गेली की हात देवाचो व्हता," असे सांगे, आणि आम्ही कौतुकाने हसत असू. पुढे यकृत बिघडले, बायको सुशीला माहेरी गेली, तेव्हा त्याने दारू सोडली. दर शुक्रवारी म्हापशाला, दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जाऊ लागला. सुशीला परत आली. हात मात्र पहिल्यासारखा झाला नाही, कापतच राहिला.

त्या वर्षी उत्सवाला चार दिवस उरले होते. मी गावातला शाळामास्तर आणि नाटक मंडळाचा चिटणीस. मांडवात पडदा पसरलेला, आणि दरबाराचे खांब तीनदा पुसूनही वाकडेच. माझा धीर सुटला. "विश्राम, एकच घोट घे. औषध म्हणून. काम झालं की परत सोड."

त्याने ब्रश धुतले आणि म्हापशाची बस धरली. त्या दिवशी शुक्रवार नव्हता. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो, तर सुशीला दारातच उभी.

"सर, तुमी काय बोललास त्यांका?"

मी पायरीवरूनच मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करून मांडवात हजर. बैठकीतल्या एका मित्राकडे जाऊन बसला होता. "राजवाडो माझ्यान जमाचो नाय, सर. रान चलात काय?"

आम्ही राजाचा दरबार शिकारीच्या तळावर हलवला. विश्रामने कापत्या हाताने झाडे काढली. नाटकाला पडदा उघडला, तेव्हा पान न् पान वाऱ्यावर हलतेय असे वाटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या नटांच्या आधी झाडांना.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमची चूक नाय. दारूशिवाय हात चलणा नाय, ह्या मीच गावभर सांगीत फिरलंय. तुमी माझाच बोलणा माका ऐकवलास."

त्यानंतर त्याने फक्त राने रंगवली. घाईचे काम घेत नसे. कोणी आग्रह केलाच तर म्हणे, "पडदो ऱ्हवलो तर लोक गाळी घालतीत. शुक्रवार चुकलो तर मीच ऱ्हवाचंय नाय."

गेल्या वर्षी त्याच यकृताने त्याला नेले. भेटायला गेलो तेव्हा मी सुशीलेला म्हणालो, अजून किती पडदे झाले असते त्याच्या हातून.

"पडदे ऱ्हवांदेत, सर," ती म्हणाली. "शेवटची चार वर्सां माझो माणूस माका गावलो."