फणसाचा पाट

मालाडच्या आमच्या चाळीत समोर राहणारे मालवणी सुतारकाका कुठल्याही लाकडावर आधी बोटाने टकटक करून कान लावत. मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला म्हणून वडिलांनी मला टेबल आणलं, तर काका ते वाजवून म्हणाले, "ह्यां सागवान न्हय रे, तुका फसयल्यांनी." त्या दिवशी माझा अभ्यास झाला नाही.

तरी कॉलेजचा पियानो तडकला तेव्हा मी प्राचार्यांना काकांचंच नाव सांगितलं. "स्नेहसंमेलनात वाजला नाही, तर भंगारात जाईल," प्राचार्य म्हणाले. तारांच्या खुंट्या धरणारं लाकूडच चिरलं होतं. काकांनी ते वाजवलं आणि मान हलवली. "नवां लाकूड सुकतलां, परत तडकतलां. जुनांच व्हयां."

दुरुस्ती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या चाळीला काकूंचा आवाज ऐकू आला. "माज्या लग्नातलो पाट खंय गेलो?" मी घाबरून पुस्तकात तोंड खुपसलं, कारण काकांनी पियानोच्या चिरेत बसवलेल्या जुन्या पिवळ्या पट्ट्या मी पाहिल्या होत्या. पाट पियानोत गेल्याचं कळलं तसं काकूंनी काकांशी बोलणंच टाकलं.

संमेलनाला मात्र त्या आल्या, काकांपासून एक खुर्ची सोडून बसल्या. पियानोवर बसलेल्या मुलीने पहिला सूर वाजवला. तो टिकला. गाणं संपेपर्यंत एकही तार उतरली नाही. टाळ्या सुरू झाल्या तशा काकू शेजारच्या बाईंकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "माज्या म्हायेरचो फणस तो. वाजतलोच!"

काकांनी हळूच खुर्चीच्या हातावर टकटक केली.