तालमीतला ठोसेवाला

आमच्या धारूरच्या तालमीत मारुतीशेजारी एका परदेशी मुष्टियोद्ध्याचा फोटो टांगलाय. हेवीवेट चॅम्पियन, दोन्ही मुठी आवळून उभा. कुणी आणून लावला कुणास ठाऊक. त्याचं नाव कुणाला धड सांगता यायचं नाही, सगळे ठोसेवालाच म्हणतात. पण त्याच्या गप्पा ऐका. एका ठोशात रेडा लोळवला म्हणे, घागरभर दूध एका दमात प्यायचा म्हणे. बघितलं कुणी? कुणीच नाही. तरी शनिवारी मारुतीला हार घातला की एक फूल त्याच्या चौकटीत खोचायचंच.

ते फूल खोचायचा मान माझ्या चुलत्यांचा, तात्यांचा. माझे आईवडील लवकर गेले, तेव्हा तात्यांनीच मला वाढवलं. स्वतःचा संसार केलाच नाही. जत्रेतली शेवटची कुस्ती त्यांच्याशिवाय लागायची नाही. पंच तेच, जिंकलेल्या गड्याचा हात वर करणारेही तेच.

यंदा जत्रेच्या पहिल्या दिवशी पुण्याहून गेलो, तर तात्या घराबाहेर पडायला तयार नाहीत. उजवा हात लटलट कापत होता. चहा बशीत कमी, धोतरावर जास्त.

"लोकाचा हात वर कराया हाच हात न्यायचा का बे?" म्हणाले. "ठोसेवाला बघ, कसा उभा हाय. हात असा कापाया लागल्यावर गड्यानं घरातच बसावं."

मला रागच आला. शहाणपण तर माझ्याकडं उतू चाललेलं. मोबाइल काढला आणि त्या चॅम्पियनचा म्हातारपणीचा व्हिडिओ त्यांच्यापुढं धरला. हात तसाच कापणारा, चेहरा थिजलेला, तरी एवढ्या लोकांपुढं उभा.

"बघा, एवढा मोठा गडी लाजत न्हाई. तुमी कावून लाजता?"

तात्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मला वाटलं, मात्रा लागू पडली.

"त्याच्या कोपराला धरून कोण हाय?"

"लेक असंल."

"नीट धरलंय पोरीनं." मग म्हणाले, "येतो मी उद्या आखाड्यात. तू धरशील का मला?"

कुस्त्या दुसऱ्या दिवशी, आणि माझी परतीची गाडी पहिल्याच दिवशी संध्याकाळची. एक दिवस राहिलो असतो तर काही आभाळ कोसळत नव्हतं. पण "रजा न्हाई ओ, तात्या," म्हणून मी मोकळा झालो. तात्यांनी कापता हात दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून धरला.

"जा मग. यष्टी चुकंल."

गेलो मी. सांगताना लाज वाटते, पण गेलो. आखाड्यात दुसऱ्याच कुणी पंच म्हणून जिंकलेल्याचा हात वर केला, हे फोनवर कळलं. तात्या त्या शनिवारी तालमीतही गेले नाहीत. गावात ठोसेवाल्याच्या गप्पा चालूच आहेत, रेडा अजून लोळतोच आहे. मला मात्र त्याच्या मुठी आठवत नाहीत. त्याचं कोपर धरून उभी असलेली ती पोर आठवते.