आबांच्या बारागाड्या आणि उजेडाचा वेग

"काबर नही जाई? पाय दाबी ठेवा ना, मंग जाईच!"

आबा ओरडत होते. माझे वडील ओरडले की आवाज पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावातून निघतो, साक्रीच्या डोंगरांवर आपटतो आणि परत येतो तोवर आबांचा चहा पिऊन झालेला असतो. त्या सकाळी तर ओट्यावरचं मांजर उडालं ते थेट शेजाऱ्यांच्या पत्र्यावर. जत्रेला आलेले पाहुणे चपला न घालताच स्टँडकडे पळाले, असं मी सगळ्यांना सांगतो. पाहुणे म्हणतात, चपला घातल्या होत्या.

आबांसमोर माझी पुतणी उभी होती. धुळ्यात हायवेला माझं टायरचं दुकान आहे. तिथं माझ्याकडे राहून तिनं बी.एस्सी. केलं. आता पुण्याला फिजिक्सच्या एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता. सोमवारी जाऊन प्रवेश पक्का केला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार. आणि आमच्या घराचा कायदा असा, की आबा हो म्हणाले तर हो. आबांनी अट घातली होती.

"तू तठे जे शिकशी, त्यामधलं एक माले समजाडी दे. माले समजनं तर जाय. नही समजनं, तर धुळ्यालेच बी.एड. कर."

प्रश्नही आबांनीच निवडला. नातवानं त्यांना मोबाइल दिल्यापासून ते शेतात कमी आणि अंतराळात जास्त असतात. रॉकेटचं इंजिन बंदच केलं नाही, तेवढाच रेटा सारखा देत राहिलं, तर ते एक ना एक दिवस उजेडाला मागं टाकेल की नाही? पोर म्हणाली, नाही. तिथंच भडका उडाला.

तिनं ओट्यावर कोळशानं आलेख काढला. रेघ आधी सरळ चढली, मग वाकली, आणि वर आखलेल्या आडव्या रेघेच्या जवळजवळ जात राहिली, पण टेकली नाही. आबांनी मान तिरकी करून पाहिलं.

"हाऊ विळा शे," ते म्हणाले.

मी मदतीला धावलो. मी मदतीला धावलो की मोडलेलं काम पुरतं बसतं, हे अख्ख्या धुळे जिल्ह्याला ठाऊक आहे.

"आबा, तठे स्पीड गव्हर्नर बसाडेल शे. स्कूल बसले ऱ्हास ना, तसा."

"कोनी बसाडा?"

"आरटीओनी," मी म्हणालो.

पुतणीनं माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमचं दुकान आज बंद आहे का?"

दुपार झाली तरी आबा हटेनात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्यांनी स्वतः देवीच्या जत्रेत बारागाड्या ओढल्या होत्या. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, बैल एकालाही नसतो. पुढं एकटा भगत, कमरेला दोर, बाजूला धरायला दोन माणसं. देवीचं नाव घेऊन तो ओढतो आणि देवळापासून वेशीपर्यंत पळत नेतो. गाड्यांत माणसं दाटून बसलेली. आबांनी माझ्या हिशेबानं शंभरेक वर्षं गाड्या ओढल्या. आईच्या हिशेबानं दहा-बारा. जो माणूस ओढ सोडत नाही त्याच्यापुढं काही टिकत नाही, हे त्यांनी कमरेनं शिकलेलं होतं. त्यात उजेडानं मधे येऊन सांगावं, की इथून पुढं नाही?

संध्याकाळी आम्ही तिघं वेशीच्या अलीकडे निंबाखाली उभे राहिलो. पोरीचं तोंड उतरलेलं. ती पुण्याचं तिकीट मनातल्या मनात रद्द करत होती, हे मला दिसत होतं. तेवढ्यात ढोल वाजला, भंडाऱ्याचा पिवळा ढग उठला आणि गाड्या हलल्या.

आधी हळू. मग भगत पळायला लागला, चाकं कुरकुरली आणि गाड्या सुसाट सुटल्या. आणि गाड्या सुटल्या की आमच्या गावाला जे होतं तेच झालं. चालत्या बारागाडीत चढलं की पुण्य लागतं, म्हणून दोन्ही बाजूंनी लोक पळत आले आणि उड्या मारून चढले. वेग वाढला तसे आणखी चढले. एक बाई तान्ह्या पोरासकट चढली. एकजण शेळी घेऊन चढला. शेळीनं शेळी चढवली, असंही मी सांगतो. भगत तेवढ्याच जोरानं ओढत होता, पण निंबाजवळ येईतो गाड्यांचा वेग वाढायचा थांबला.

"भगत ढिला पडना," मागून कोणीतरी ओरडलं.

आबांचा चेहरा एकदम बदलला. त्यांच्या शेवटच्या वर्षी याच निंबाजवळ लोक त्यांनाही असंच म्हणाले होते. भगताचा उपवास मोडला असेल, म्हणून ओढ कमी पडली. त्यानंतर आबांनी कमरेला दोर बांधला नाही. घरात तो विषय कोणी काढत नसे.

पुतणीनं त्यांचा दंड धरला. ती आमच्या बोलीतच बोलत होती. मी इथं थोडं धुऊन-पुसून लिहितो.

"आबा, भगत ढिला पडलाय का?"

"नही. दोर पाय, ताठ शे." आबांचा आवाज पहिल्यांदाच साक्रीला पोचला नाही.

"मग त्याची ओढ जाते कुठं?"

"गाड्यासमा. जड व्हयन्यात ना त्या."

"तेच रॉकेटचं. फक्त तिथं बाहेरून कोणी चढत नाही. आपण दिलेला रेटाच गाडीत चढून बसतो. सुरुवातीला बराचसा रेटा वेग वाढवतो. जसजसं उजेडाच्या जवळ जावं, तसतसा वेग थोडा वाढतो आणि गाडीला हलवणं अवघड होत जातं. रेटा वाया जात नाही, आबा. सगळा गाडीतच असतो. पण वेगात येतो तो कमी, आणखी कमी, आणखी कमी."

"शंभर भगत लावात तर?"

"तर शंभर भगतांची ओढ गाडीत बसेल. उजेडाच्या आणखी जवळ जाल. पुढं नाही."

समोरून गाड्या गेल्या, शेळी गेली.

"मंग जो रॉकेटमा बसेल शे, त्याले समजी का, का आते काम अडकनं?"

"नाही ना! त्याच्या पाठीला रेटा तेवढाच लागतो. त्याला वाटतं, झकास चाललंय. पण आपण बाहेरून पाहिलं तर त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा हळू चाललेलं असतं."

"एस्टीना कंट्रोलरसारखं," मी म्हणालो. या खेपेला दोघंही हसले.

आबा निंबाच्या पारावर टेकले. दूर वेशीपाशी गाड्या थांबल्या होत्या, लोक उतरून भगताच्या पाया पडत होते.

"म्हंजे त्या वरीसले मी ढिला पडेल नव्हतू," ते म्हणाले.

"नाही, आबा."

त्यांनी उपरण्यानं तोंडावरचा भंडारा पुसला. फार वेळ पुसला. मग उठले, वेशीपर्यंत गेले आणि घामानं निथळणाऱ्या त्या पोरसवदा भगताच्या पाठीवर असा हात मारला, की तो बिचारा देवीच्या ओढीनं टिकला होता पण आबांच्या थापेनं बसला. परत येताना पुतणीला म्हणाले, "स्वेटर ली जाय. तठे थंडी ऱ्हास."

रविवारी पाचोऱ्याला तिला गाडीत बसवलं. खिडकीतून तिचा हात दिसेनासा झाला, तरी आबा फलाटावर उभेच. मी धीर करून विचारलं, "आबा, खरं सांगा. समजनं का तुमले?"

"अर्धं समजनं," आबा म्हणाले. "बाकीनं ती सुट्टीमा घर उनी का मंग सांगी."