जाताना दहा तास, येताना नऊ

पूर्णा स्टेशनसमोर मी तिकिटं काढून देते. आधी फक्त रेल्वेची काढायचे. मग इथली पोरं परदेशात गेली, त्यांच्या मागोमाग आई-बाप निघाले, आणि मी विमानाचीही काढायला लागले. किती लांब आणि किती तास, एवढे दोनच प्रश्न लोक विचारतात. उत्तर दिलं की गोंधळ सुरू होतो, आणि तो गोंधळ ते माझ्याच टेबलावर ठेवून जातात. बराच साठलाय. थोडा तुम्हाला देते.

* * *

चुडाव्याच्या कौसाबाई लेकीच्या बाळंतपणाला लंडनला निघाल्या होत्या. मुंबईहून जाताना दहा तास, येताना नऊ. तिकीट डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "ताई, रस्ता एकच हाय ना? मग जाताना चढ लागतो का?"

मी सांगितलं, वर जोराचं वारं असतं, जाताना ते समोरून येतं.

"मंजी सायकलवानीच हाय की," म्हणाल्या, आणि निर्धास्त झाल्या.

* * *

पिंगळीकडच्या शाळेतले भूगोलाचे सर चिडून आले. मुलगा-सून अमेरिकेत. सरांनी शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोरा लावून मोजला होता. नेटवर साडेबारा हजार किलोमीटर, दोऱ्यात कितीतरी जास्त.

"हे अंतर कमी सांगायलेत. आन् सून म्हणती, विमान वर उत्तर ध्रुवाकडून येतं. वाकड्या वाटेनं अंतर कमी कसं होईल?"

मी म्हटलं, सर, शाळेत पृथ्वीचा गोल असेल, त्याच्यावर दोरा लावून बघा.

संध्याकाळी सरांचा फोन आला. म्हणाले, "ताई, अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवायलो, पृथ्वी गोल आहे. आज मला कळलं."

* * *

एका आईनं लेकाचं दुबईचं तिकीट माझ्याकडून वाचून घेतलं. हैदराबादहून दहाला सुटून साडेबाराला दुबई. परतताना दोनला सुटून सातला हैदराबाद. म्हटलं, तिथलं घड्याळ दीड तास मागं असतं, म्हणून तसं दिसतं. विमानात दोन्ही वेळा चारेक तासच जातात.

"घड्याळाचं न्हाई ताई," ती म्हणाली. "माझा भाऊबी तिकडंच गेला. जायला अडीच तास लागले, यायला अकरा वर्षं."

* * *

कांबळे मामा रेल्वेत गार्ड होते. धाकटा सिडनीत, थोरला सॅन फ्रान्सिस्कोत. मामा-मामी दोघांची तिकिटं मीच काढली होती. मामी अचानक वारल्या. मामा त्यांचं तिकीट रद्द करायला आले.

मी कॉम्प्युटर उघडला. मामा स्वतःचं तिकीट वाचत बसले. सिडनीहून गुरुवारी सकाळी अकराला सुटायचं, सॅन फ्रान्सिस्कोला गुरुवारीच सकाळी सहाला पोचायचं.

"ताई, हे चुकलंय. जल्मभर गाड्यांच्या येळा लिवल्या. सुटायच्या आदी पोचलेली गाडी मी बघितली न्हाई."

मी कागदावर काढून दाखवलं. मधे समुद्रात एक रेघ मानलेली आहे, ती ओलांडली की तारीख एक दिवस मागं जाते.

मामांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"एकच दिवस?"

"एकच, मामा."

"मागच्या शुक्रवारपत्तुर न्हाई जात?"

"न्हाई."

त्यांनी मान हलवली. मामींचा पासपोर्ट माझ्यापुढं सरकवला.

"शुक्रवारी बोलत व्हती," म्हणाले.