मास्तरांचे खालचे दोन दात

मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात कात्र्या नव्हत्या असं नाही, चांगल्या चार होत्या. पण दोरा तोडायची वेळ आली की हात आपोआप तोंडाकडे. खालचे पुढचे दोन दात, आणि कट्! लग्नाच्या आधीपासूनची खोड. शेजारी काज-बटणं करणारी बायको ओरडून ओरडून थकली. "अहो, दात आहेत ते, अवजार नव्हे!" यावर मास्तर असे हसायचे की रस्त्यापलीकडच्या चांभारानं मान वर करून बघावं.

मग एक दिवस सफरचंद चावताना तेच दोन दात चक्क हलले. दातांच्या डॉक्टरांनी बोटानं हलवून पाहिलं आणि म्हणाले, "काढून टाकू, कवळी बसवू." कवळी! वडिलांची कवळी पेल्यातल्या पाण्यात बसून आपल्याकडे टक लावून बघते, हा मास्तरांचा लहानपणचा धसका अजून गेला नव्हता. ते तडक उठले आणि हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, "मास्तर, मूळ दुखणं हिरड्यांचं आहे, दोऱ्यानं त्यात भर घातली. दातांभोवतीचं हाड झिजून खड्डा पडलाय. त्यात मी स्पंजासारखा एक छोटा तुकडा बसवते. इमारतीला परांची बांधतात ना, तसा. तुमच्याच पेशी त्याच्या आधारानं वाढतील, हाड भरतील, दाताला धरून ठेवणारे धागे तयार करतील. खात्री देत नाही, पण करून बघण्यासारखं आहे."

"म्हणजे आतून रफूच की!" मास्तर खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "घाला टाके, आजच घाला!"

"घालते. पण नंतर या दातांवर अजिबात जोर द्यायचा नाही. आत धरलेलं सुटलं तर सगळं मुसळ केरात."

मास्तर अगदी शहाण्या मुलासारखे वागले. मऊ भात खाल्ला, हसणंसुद्धा आवरतं घेतलं. बायको तर जेलरच झाली होती. आणि तिसऱ्याच आठवड्यात घात झाला. समोर गिऱ्हाईक उभं, गाडीची वेळ झालेली, कोटाचं शेवटचं बटण. मास्तरांनी गाठ मारली आणि कट्!

दोऱ्याला रक्त लागलं होतं. बायकोनं ते पाहिलं. तिनं कोट घडी करून गिऱ्हाइकाला दिला आणि दुकानाचं शटर ओढलं. आणि मास्तरांना घेऊन बाईंकडे निघाली.

बाईंनी तपासलं, जखम साफ केली. "आता काय झालं असेल ते हाड भरायची वेळ आली की एक्स-रेच्या फोटोतच कळेल," एवढंच म्हणाल्या. पुढचे कित्येक महिने मास्तरांचा जीव टांगणीला. रोज सकाळी आरशासमोर उभे राहायचे, पण दाताला बोट लावायची हिंमत व्हायची नाही.

अखेर तो दिवस उजाडला. पडद्यावर दोन फोटो, जुना आणि नवा, शेजारी शेजारी. जुन्यात दातांच्या मुळाशी काळा खड्डा. नव्यात तिथे पांढुरकं काहीतरी दाटून आलेलं. बाईंनी चिमट्यानं दात हलवून पाहिले. हलेनात! "मास्तर, भरलं की हो! अगदी सगळं नाही, पण दात राहिले!" बाईंचाच आवाज चढला होता.

बायकोनं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हा पांढरा दिसतोय तो तुम्ही बसवलेला तुकडा ना?"

"नाही हो. तो केव्हाच विरघळला. हे सगळं त्यांचं स्वतःचं आहे."

"माझं?" मास्तर ओरडले. "या वयात? नवीन?"

"कोरं करकरीत."

बायको हसता हसता रडायला लागली. मास्तर मात्र पावती घ्यायलाही थांबले नाहीत. भर रस्त्यातून धावत सुटले आणि लांबूनच चांभाराला ओरडून सांगू लागले, "अरे ए, ऐकलंस का? मला हाड आलंय, नवीन हाड!"