एका म्हणीला एक फांदी

इथं परदेशात, शॉमबर्ग गावात, माझा शेजारी म्हणजे सत्तरी ओलांडलेला आयरिश माणूस. त्याच्या मेपलच्या फांद्या माझ्या गॅरेजवर टेकल्यात. काप म्हटलं, की हा खेड्यातल्या आजीची म्हण काढणार. "वाऱ्याच्या दिवशी छप्पर शाकारू नये." वारा पडल्यावर गेलो, तर खुर्चीत डुलत म्हणतो, "नुसत्या विचाराने शेत नांगरून होत नाही." मग ऊठ ना, बाबा!

शून्यातून तीन दुकानं उभारलेला माणूस मी; सौद्यात कुणाकडून हरलो नाही. एकदा चिडून सुनावलं, "आमच्यात म्हणतात, दुरून डोंगर साजरे!" म्हातारा ताडकन उठला. "अरे, माझी आजीही हेच म्हणायची! लांबचे डोंगर हिरवे!" आनंदाने त्याने करवत आणली, एक फांदी उतरवली आणि शिडीवरूनच विचारलं, "अजून आहे?"

सौदा मला लगेच कळला. नाचता येईना अंगण वाकडं, उथळ पाण्याला खळखळाट फार, असं करत चार फांद्या पाडल्या. उरली ती सगळ्यात जाड, थेट छपरावरची, आणि नेमका माझा साठा संपला. मी ठोकून दिलं, "शहाण्याने जाड फांदी आधी कापावी."

करवत थांबली. "ही कुठल्याच आजीची नाही," म्हणत म्हातारा शिडी उतरला आणि चहा प्यायला घरात गेला.

फांदी अजून तिथंच आहे. साताऱ्याच्या मावशीला फोन केला, तर म्हणाली, "म्हणी अशा मागितल्यावर आठवतात का, मेल्या? आधी माझ्याशी भांड."