दातवाल्याचा चहा आणि संस्थेचं दूध

दातवाल्याकडून चहा विकत घेणारा आमच्या अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात मी एकटाच असणार. किराणा दुकानं काय कमी होती? पण माझा चहा मिळायचा सोलापुरात, एका चिनी दातवाल्याच्या कपाटात, कवळ्यांच्या खालच्या फळीवर.

झालं ते असं. बहात्तरच्या दुष्काळातून गाव नुकतं सावरत होतं. खडी फोडून हात सोलून घेतलेल्या लोकांना कर्जावर म्हशी मिळाल्या आणि येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात दूध संस्था निघाली. मी मॅट्रिक झालेला आणि रिकामा, म्हणून सचिव झालो. त्यात अडचण एकच होती. मला दूध पचत नव्हतं. घोटभर दूध गेलं की पोटात खडी फोडायचं काम सुरू. दुधाच्या चहानंही तेच. आता दूध संस्थेच्या सचिवानं ही गोष्ट चारचौघांत सांगायची का? मी नाही सांगितली. ‘चहा सोडलाय’ एवढंच म्हणायचो. लोकांना वाटायचं, गडी माळ घालणार.

अशात दाढ ठणकायला लागली. बार्शीवरून एसटी धरून सोलापूर गाठलं. तिथला हा दातवाला म्हातारा, बुटका, हिंदी तोडून तोडून बोलणारा. त्यानं दाढ उपटली, तोंडात कापूस कोंबला आणि मला बाकावर बसवून स्वतःसाठी चहा करायला घेतला. एका काळ्या चपट्या ढेपेचा कपचा काढला, त्यावर उकळतं पाणी ओतलं, ते पहिलं पाणी चक्क फेकून दिलं आणि मग दुसरं घातलं. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या माणसाच्या जिवाला ते फेकलेलं पाणी दाढेपेक्षा जास्त लागलं. बऱ्याच वेळानं त्यानं मलाही कोमट कप दिला.

‘दूध नको,’ मी सवयीनं म्हणालो.

‘दूध दिया किसने?’ तो म्हणाला. ‘इसमें दूध कभी मत डालना. डाला तो मेरे पास मत आना.’

रंग काताच्या पाण्यासारखा. वास, जमिनीत पुरलेलं ज्वारीचं पेव उघडल्यावर येतो तसा, दमट मातीचा. पहिल्या घोटाला वाटलं, ह्यानं दाढेचा सूड घेतला. पण घोट उतरल्यावर मागून घशात एक गोडवा वर आला आणि तिथंच बसून राहिला. आणि पोट? पोट गप्प. बार्शी आलं, गप्प. येरमाळा आलं, तरी गप्प. मी एसटीतच ठरवलं, ह्यापुढं चहा प्यायचा तर हाच. मग जग इकडचं तिकडं होवो.

दुसऱ्या खेपेला विकत मागितला, पण तो तयार नव्हता. चहा त्याच्या कलकत्त्याच्या भाऊबंदांकडून यायचा. ढेप त्याच्या मुलीच्या लग्नाच्या आधीची, आणि जेवढी जुनी तेवढी चांगली, असं त्यानं सांगितलं. हे मला लगेच पटलं. चिंच, गूळ, लिंबाचं लोणचं, आमच्याकडंही जुन्यालाच मान. पण ‘ये दुकान दाँत का है’ म्हणून तो हटून बसला. चहा मिळायचा तो फक्त पेशंटला, तोही कपभर. म्हणून मी तिथल्या तिथं पुन्हा पेशंट झालो. एक दात पुढं केला आणि हलतोय म्हणून सांगितलं.

त्यानं चिमट्यानं धरून बघितला. ‘हिलता तो नहीं.’

‘हिलेगा,’ मी म्हणालो.

त्यानं तो काढला. चहा दिला. तिसऱ्या खेपेला मी पुन्हा आ वासला तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं माझं तोंड मिटवलं. ‘चाय ले जा, बाबा. सब दाँत निकाल दूँगा तो भुट्टा कैसे खाएगा?’ आणि कागदात गुंडाळलेली भाकरीएवढी अख्खी ढेप त्यानं माझ्या पिशवीत टाकली. त्यानंतर मी रीतसर गिऱ्हाईक झालो. बाकीचे दात त्यामुळं वाचले.

आता चहा जुना करायचा तर तो ठेवायचा कुठं? मी शहाणपणानं विचार केला. आपल्याकडं वर्षभर टिकवायची वस्तू कुठं ठेवतात? कणगीत. किडा लागू नये म्हणून वर काय टाकतात? कडुलिंबाचा पाला. पहिली ढेप मी ज्वारीच्या कणगीत पाल्याखाली दडपली आणि सहा महिने तिच्याकडं बघायचं नाही, असा निश्चय केला. निश्चय मोडला नाही, हेच चुकलं. काढली तेव्हा चहा कडुलिंबाच्या काढ्यासारखा झाला होता. तरी मी तो संपवला. खरूज झाली नाही एवढं खरं. दुसरी ढेप देवघरात ठेवली, तिला कापूर लागला. शेवटी मी घरातला एक जुना, पाणी न गळणारा माठ रिकामा केला, आत ढेपा ठेवल्या, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि कोपऱ्यात अंधारात बसवला.

‘गावात प्यायला पाणी न्हाय,’ बायको म्हणाली, ‘आन् आमच्यात माठ चहाला! ह्या गवऱ्या कवा अंडी घालणारेत?’

मी माठाचं फडकं आणखी आवळलं. रोज पहाटे दूध संकलन आटोपून यायचं, अंगणात बसायचं, पितळीत तो काळाभोर चहा ओतायचा आणि फुंकर मारत प्यायचा. ह्या कार्यक्रमात मी कुणाचं ऐकणार नव्हतो.

अंगणात बसलो, ही खरी चूक. आमच्याकडं ज्या घरी माणूस जातं, त्या घरी दुधाचा चहा होत नाही. शेजारपाजारचे कोरा चहा करून आणतात आणि घरचे तो खाली मान घालून पितात. शेजारच्या आक्कानं कुडावरून बघितलं. मी खाली मान घालून, पितळीत, कोरा चहा पीत होतो. पलीकडून एकदम हंबरडा आला.

‘अगं बया गं! कोण गेलं गं!’

मी उठेपर्यंत आक्का आत, आक्कामागं आणखी दोघी, आणि त्यांचा गळा ऐकून बायको पाठीमागच्या दारानं धावत आली. तिला वाटलं, माहेरची तार आली. तिनं जो सूर धरला त्याला तोड नव्हती. चौघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मधे मी पितळी घेऊन उभा.

‘कोणी गेलं न्हाय!’ मी ओरडलो. ‘मी निसता चहा पितोय!’

आक्कानं पदरानं डोळे पुसले. पितळीत वाकून बघितलं. ‘मग कोरा का?’

‘मला असाच आवडतो.’

‘दूध संस्था तुझी आन् चहा कोरा?’ आक्का म्हणाली. ‘का रं, दुधात काय हाय?’

झालं. रडणं थांबलं ते बरं, पण हा प्रश्न कुडावरून गावात गेला आणि गावातून खवाभट्टीवर. भट्टीवाला आमच्या संस्थेवर आधीच दात धरून होता. संस्था निघायच्या आधी सगळं गाव त्याच्याकडं दूध घालायचं आणि तो देईल तो भाव घ्यायचं. त्याला आयतंच सापडलं. दूध घेऊन संस्थेकडं निघालेल्या बायांना तो रस्त्यावर उभा राहून सांगायला लागला, ‘अवो, सचिव सोता ते दूध चहात घालीत न्हाय. त्येला ठावं हाय कॅनमंदी काय मिसळत्यात ते. तुमचं चांगलं दूध तिथं नेऊन नासवू नगा.’

आठवडाभरात कॅन कमी भरायला लागले. दुधाची गाडी आमच्या फाट्यावर थांबायची ती कॅन भरतात म्हणून. अर्ध्या कॅनसाठी ती आडवाटेला येणार नव्हती, आणि गाडी बंद म्हणजे संस्था बंद. मग गावानं पुन्हा भट्टीवाल्याच्या दारात उभं राहायचं. हे मला जेवढं कळत होतं तेवढंच चेअरमननाही. ते गावातले जुने शेतकरी, बोलणं कमी. माझ्या दारात आले आणि म्हणाले, ‘सचिव, उद्या सकाळी समद्यांसमोर गिलासभर दूध प्या. मिटला विषय.’

ह्या वेळी तरी सांगायला हवं होतं. पण मी जिद्दीला पेटलो. एक गिलास! दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन जगलेला माणूस मी, एक गिलास दूध पचवू शकत नाही? दुसऱ्या दिवशी पहाटे रांगेसमोर उभा राहून मी ते दूध गटागटा प्यालो, मिशा पुसल्या आणि ‘अमृत आहे’ असं मोठ्यानं म्हणालो. चेअरमननी समाधानानं मान डोलावली.

रांग संपेपर्यंत टिकलो असतो तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. मापं घेता घेता मधेच मी लिटरचं माप आक्काच्या हातात दिलं, कोपऱ्यातलं टमरेल उचललं आणि गायरानाकडं जो सुटलो तो सगळ्या रांगेच्या डोळ्यांदेखत.

परत आलो तेव्हा निम्मी रांग दूध घेऊन भट्टीकडं निघाली होती.

‘बघा,’ कुणीतरी म्हणत होतं, ‘सचिवाला एकाच गिलासात पळवलं. लेकरांचं काय व्हईल?’

चेअरमन माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घालून सगळं सांगितलं, दाढेपासून. त्यांनी रिकामा कॅन पायानं बाजूला सारला. मग म्हणाले, ‘मला पटलं. पर आता गावाला कोण पटवणार? तुमच्या बोलण्यावर आता कुत्रं इस्वास ठेवायचं न्हाय.’

घरी आलो. बायको चुलीपुढं होती. तिनं ऐकून घेतलं आणि फुंकणी खाली ठेवली. ‘खोट दुधात हाय का तुमच्या गवरीत, एवढंच बघायचंय न्हवं? मग दोन पातेली मांडा. दूध दोन्हीत तेच. एकात बाजारची पत्ती, दुसऱ्यात तुमचं रत्न. समद्यांना पाजा.’

‘त्यात दूध घालायचं नसतं,’ मी म्हणालो. ‘दातवाल्यानं बजावलंय. चांगली ढेप जाईल.’

‘ढेप जाऊ द्या, न्हायतर संस्था जाऊ द्या. काय ते ठरवा.’

माठाच्या तळाशी एक ढेप मी कधीच फोडली नव्हती. सगळ्यात जुनी, दातवाल्याच्या स्वतःच्या वाट्याची, त्यानं डोळे मिचकावत दिलेली. थोरल्या पोराच्या लग्नात उघडायची, असं मनात होतं. नवी ढेप घालूनही चाललं असतं. पण मी विचार केला, उद्या कुणी म्हणायला नको की सचिवानं भारी माल लपवून हलका पुढं केला. जे काय ते चोख. ती जुनीच फोडली.

सकाळी संस्थेसमोर तीन दगडांच्या दोन चुली पेटल्या. आक्कानं आपल्या म्हशीचं दूध स्वतःच्या हातानं दोन्ही पातेल्यांत ओतलं. बाजारच्या पत्तीचा चहा नेहमीसारखा लालसर झाला. माझ्या पातेल्यात मात्र दूध राखाडी झालं, गढूळ ओढ्यासारखं, आणि पेवाचा वास थेट फाट्यापर्यंत गेला. भट्टीवालाही वासावर आला.

आधी पहिल्या पातेल्यातला चहा वाटला. सगळ्यांनी चवीनं प्यायला, काहींनी दुसऱ्यांदा मागितला. मग माझा. आक्कानं घोट घेतला, गालात धरला, इकडंतिकडं बघितलं आणि संस्थेच्या पायरीखाली थुंकली.

‘मेल्या,’ ती मला म्हणाली, ‘ह्यो चिखल पितोस व्हय रोज? पोट बिघडंल न्हायतर काय व्हईल! आन् बदनामी माझ्या म्हशीची?’ मग ती भट्टीवाल्याकडं वळली. ‘घ्या, तुमी बी घ्या घोटभर.’

त्यानं घोट घेतला. चारचौघांत थुंकायची त्याला लाज वाटली असावी, त्यानं गिळला. त्याचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. रांगेतलं सगळं गाव हसलं आणि त्याच रांगेत कॅन भरायला सुरुवात झाली.

निकाल असा लागला. दूध चोख, सचिवाचा चहा नासका, आणि सचिवाचं डोकं त्याहून. खरं तर माझं पोट दुधानं बिघडलं होतं, चहानं नाही. पण चेअरमननी डोळ्यानंच मला दटावलं आणि मी तोंड मिटलं. गाडी फाट्यावर थांबली, भरलेले कॅन चढले. मी चुलीवरचं पातेलं उतरवून गायरानात नेलं आणि ती सगळ्यात जुनी ढेप मातीत ओतली. मातीला मात्र ती ओळखीची वाटली असावी, पटकन मुरली.

घरी आलो, माठाचं फडकं सोडलं, उरलेल्यातली एक ढेप काढली, कपचा मोडला आणि अंगणातच, त्याच जागी, पितळी घेऊन बसलो. कुडावरून आक्का डोकावली.

‘समदी खुशाल हायती न्हवं?’ तिनं आधी विचारलं.

‘खुशाल आहेत, आक्का.’

‘मग पी बाबा,’ ती म्हणाली आणि शेणात हात घालायला निघून गेली.